‘आख्खा मीटर बदलावा लागेल’ : गाडीवरच्या काट्याचा सव्वाशे वर्षांचा प्रवास

मंडळी, आज राजकारण नाही. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांच्या दारात टू-व्हीलर उभी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

गाडीचा मीटर बिघडला की हल्ली नाशिकमध्ये एकच वाक्य ऐकू येतं, “साहेब, आख्खा मीटर बदलावा लागेल.” वेग शून्य दाखवतोय, मीटर बदला. घड्याळ रोज सकाळी बारावर येतंय, मीटर बदला. पेट्रोलच्या कांड्या उड्या मारतायत, मीटर बदला. बिल हजारांत. त्यावर लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. कुरकुरत पैसे भरतात, नाहीतर मीटर बंद ठेवून तशीच गाडी दामटतात. अशा गाड्या किती आहेत हे बघायचं असेल तर तुमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार जणांना विचारा.

या पावसाळ्यात अशा तक्रारी माझ्याकडे बऱ्याच आल्या. म्हणून चार मेकॅनिकांशी बोललो, जुनी माहिती चाळली आणि लक्षात आलं की ही नुसती बिघाडाची गोष्ट नाही. एकेकाळी ज्याचा दोष शाळकरी पोरगंही शोधू शकत होतं, ती वस्तू आपल्या हातातून कशी निसटत गेली त्याची ही गोष्ट आहे.

काटा आला कुठून?

१९०२ साली ओटो शुल्झे नावाच्या माणसाने वेगमापकाचं पेटंट घेतलं. हा माणूस स्ट्रासबर्गचा. ते शहर तेव्हा जर्मनीत होतं, आज फ्रान्समध्ये आहे. त्याची कल्पना इतकी साधी आणि पक्की होती की पुढे शंभर वर्षं जगभरच्या गाड्या तीच वापरत राहिल्या.

चाकाबरोबर एक वायर फिरते. ती वायर मीटरमधलं लोहचुंबक फिरवते. चुंबकाशेजारी ॲल्युमिनियमची छोटी वाटी असते आणि त्या वाटीला काटा जोडलेला असतो. चुंबक वाटीला शिवत नाही, पण फिरता फिरता तिच्यात विजेचे भोवरे तयार करतो आणि तिला आपल्याबरोबर ओढतो. वाटी गरगर फिरू नये म्हणून तिला घड्याळात असते तशी केसाएवढी स्प्रिंग लावलेली असते. चाक जितकं जोरात, तितकी ओढ जास्त आणि तितका काटा पुढे. त्याच वायरवर दातेरी चाकं फिरतात आणि किलोमीटरचे आकडे सरकतात.

या सगळ्याला बॅटरी लागत नाही. मीटरमधला छोटा बल्ब गेला तर रात्री दिसत नाही एवढंच, काटा आपलं काम करतच राहतो.

चेतकच्या जमान्यातला मीटर

आपल्या राज्यात ही वस्तू घराघरात पोचली ती प्रामुख्याने आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून. १९७२ मध्ये चेतक आली आणि तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसले. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांच्या भागीदारीतल्या शंभर सीसीच्या मोटरसायकली आल्या. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, त्याच सुमारास यामाहाची आरएक्स १०० आली आणि पाठोपाठ बजाज-कावासाकी. या गाड्यांमध्ये बाकी फरक भरपूर होता, पण मीटर सगळ्यांचा एकाच वंशाचा. पुढच्या चाकातून वर गेलेली काळी वायर आणि वर थरथरणारा काटा.

नाशिकला हा मीटर कळायला वेळ लागला नाही. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, सातपूर आणि अंबडला औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, मायकोसारखा बारीक मापांत काम करणारा कारखाना आला. आयटीआय करून फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन झालेला माणूस दर दोन घरांआड सापडायचा. दिवसा कंपनीत मायक्रोमीटर हाताळणारा माणूस रविवारी घराच्या ओट्यावर स्वतःची स्कूटर उघडून बसायचा. शेजारची पोरं पाने द्यायला हजर.

त्या काळात मीटर बंद पडला की तपासणी दोन मिनिटांची होती. वायर मीटरपासून सोडायची, पुढचं चाक उचलून हाताने फिरवायचं आणि वायरचं टोक बघायचं. टोक फिरतंय म्हणजे दोष मीटरमध्ये. टोक फिरत नाही म्हणजे दोष वायरमध्ये किंवा चाकाजवळच्या गिअरमध्ये. काटा थरथरतोय म्हणजे वायर कोरडी पडलीय, ग्रीस घाला. किलोमीटर सरकतात पण काटा झोपलाय म्हणजे वायर चांगली आहे, वाटी किंवा स्प्रिंगचं काम आहे. बहुतेक वेळा वायरच तुटलेली असायची. नवी वायर चहा-नाश्त्याच्या पैशांत यायची आणि उभ्या उभ्या बसायची.

त्या जुन्या मीटरचं नसतं कौतुकही करायला नको. तो नेमका नव्हता, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात किलोमीटर मागे फिरवून विकणारे तेव्हाही होते. पण एक गोष्ट होती. दोष कुठे आहे हे मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायचं. मेकॅनिक तुटलेली वायर हातात द्यायचा. त्यामुळे फसवणूक झाली तरी कळायची.

काटा गेला, काच आली

२००१ मध्ये बजाजने पल्सर आणली. २००६ च्या आसपास तिच्या नव्या आवृत्तीत वेगाचा काटा गेला आणि त्या जागी आकडे आले. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा राहिला, पण वेग, किलोमीटर आणि पेट्रोल काचेवर दिसू लागलं. त्या वर्षी कॉलेज रोडवर ही गाडी उभी राहिली की रात्री पोरं नुसती चावी फिरवून मीटर बघायची. मग इतर कंपन्यांनीही तोच रस्ता धरला.

आतमध्ये बदल मोठा होता. फिरणारी वायर गेली. चाकाजवळ किंवा गिअरबॉक्सजवळ एक सेन्सर बसला. चाक फिरलं की तो विजेचे ठोके पाठवतो. चाकाचा घेर साधारण २ मीटर धरा. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला आठ-साडेआठ फेऱ्या मारतं. मीटरमधली चिप ते ठोके मोजते, घेराशी हिशोब करते आणि आकडा दाखवते. म्हणूनच कंपनीच्या मापापेक्षा मोठा टायर टाकला की मीटर खोटा आकडा दाखवू लागतो. त्यात मीटरचा दोष काही नसतो, त्याचा हिशोब जुन्या घेराचा असतो.

म्हणजे आता मीटर हा साखळीतला शेवटचा दुवा झाला. त्याच्या आधी बॅटरी आहे, फ्यूज आहे, अर्थिंग आहे, जोडणीचे प्लग आहेत, सेन्सर आहे आणि हाताहातभर लांबीच्या बारीक वायरी आहेत. बिघाड यातल्या कशातही असला तरी दिसतो मात्र मीटरवर. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलावा, तसं आपलं चाललंय.

दिवा म्हणजे निरोप

पुढची दोन वळणं कायद्याने आणली. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि कार्बोरेटर जाऊन बहुतेक गाड्यांवर इंजेक्शन आलं. इंजिनावर एक छोटा कॉम्प्युटर बसला. आता मीटरवर दोन पिवळे दिवे महत्त्वाचे झाले, एक इंजिनाचा आणि एक एबीएसचा. मीटर नुसता वेग सांगणारा राहिला नाही, तो गाडीच्या तब्येतीचे निरोप देऊ लागला.

इथे प्रश्न पैशांपुरता उरत नाही. अनेक गाड्यांमध्ये एबीएस आणि वेगाचा आकडा चाकावरच्या एकाच सेन्सरवर चालतात. वेग शून्य झाला आणि त्याच वेळी एबीएसचा दिवा लागून राहिला, तर पहिला संशय त्या सेन्सरवर घ्यायचा. त्याचा अर्थ असाही होतो की गाडीचं एबीएस त्या क्षणी काम करत नाहीये. साधे ब्रेक लागतील, पण ओल्या रस्त्यावर करकचून दाबले तर चाक घसरू शकतं. जुलैतला कसारा घाट आठवा.

आणि आपल्याकडे उपाय काय होतो? दिव्यावर काळी चिकटपट्टी. दिवा कायमचा बंद करून देणारेही आहेत. जुनी गाडी घेणाऱ्यांनी म्हणूनच एक सवय लावून घ्यावी. चावी फिरवली की एबीएसचा दिवा लागलाच पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. तो मुळीच लागला नाही तर आनंद मानू नका, कुणीतरी त्याचं तोंड बंद केलेलं असू शकतं.

बिघाड शोधायचा क्रम

मी मेकॅनिक नाही. पण वेगवेगळ्या चार मेकॅनिकांनी जवळपास सारखाच क्रम सांगितला, तो तुमच्यासाठी.

पूर्ण काच काळी पडली असेल तर आधी बॅटरी. गाडी बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण साडेबारा व्होल्ट दिसायला हवेत. मग टर्मिनल घट्ट आहेत का, पांढरी-हिरवी बुरशी चढलीय का. मग फ्यूज. मग अर्थिंगची वायर. मग मीटरमागचा प्लग, काढून कोरडा करून परत बसवायचा. एवढं झाल्यावरही काच काळीच राहिली तर मीटरकडे वळायचं.

सेल्फ मारला की काच विझते किंवा घड्याळ बारावर येतं? बॅटरी कमजोर किंवा टर्मिनल ढिलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. सेल्फ खूप वीज ओढतो, तेवढ्यात मीटर उपाशी राहतो. गाडी व्यवस्थित सुरू होते पण चावी काढली की घड्याळ पुसलं जातं, तर मीटरला बॅटरीकडून कायम येणारी वायर किंवा तिचा फ्यूज बघायचा.

फक्त वेग शून्य आणि बाकी सगळं ठीक? चाकाकडे जा. सेन्सरवर चिखल आहे का, वायर कुठे घासलीय का, उंदराने कुरतडलीय का. शेतात किंवा शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांना उंदीर हा मोठा शत्रू आहे.

पेट्रोलच्या कांड्या खोटं बोलतायत? टाकीतला तरंगता गोळा आणि त्याची वायर आधी तपासा.

काचेत वाफ धरते? प्रेशरच्या पाण्याने मीटर धुणं थांबवा. पावसाळ्यात हलकी वाफ येऊन उन्हाने जात असेल तर घाबरायचं कारण नाही. आत पाण्याचे थेंब दिसू लागले तर मात्र लगेच दाखवा.

काच उन्हाने काळवंडली, आकड्यांचे तुकडे गायब झाले, तर दोष खरोखर मीटरचा आहे. अंगणात वर्षानुवर्षं उन्हात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचं हे दुखणं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मीटर जळलाच असेल तर नवा बसवण्याआधी गाडी सुरू ठेवून बॅटरीवरचे व्होल्ट मोजून घ्या. साधारण साडेतेरा ते साडेचौदा हवेत. पंधराच्या वर जात असतील तर चार्जिंगचा रेक्टिफायर बिघडलाय. जुन्या मीटरचा खुनी तिथे बसलाय आणि तो नव्यालाही सोडणार नाही.

या सगळ्याला मल्टिमीटर नावाचं एक साधं यंत्र लागतं आणि थोडा धीर. दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराने मला सांगितलं ते ऐका. एका अधिकृत सर्व्हिस सेंटरने त्याच्या गाडीचा मीटर बदलला, वेग तरी शून्यच. शेवटी गावातल्या मेकॅनिकने चाकाजवळची तुटलेली वायर जोडली आणि मीटर बोलू लागला. जुना मीटर मागायला गेला तेव्हा तो “कंपनीत जमा” झाला होता. म्हणजे जुना मीटर चांगला होता की नाही, हे आता कधीच कळणार नाही.

दोष एकट्या मेकॅनिकचा नाही

सर्व्हिस सेंटरची बाजूही ऐकली. ते म्हणतात, मीटर सीलबंद येतो, आतले भाग कंपनी देत नाही, उघडला तर वॉरंटी जाते. आणि एका गाडीवर तासभर वायरी शोधत बसलो तर मागे वीस गाड्या थांबतात. हे खरं आहे. रस्त्यावरच्या मेकॅनिकचं म्हणणं वेगळं. त्याच्याकडे वायरिंगचा नकाशा नाही, इंजिनाचे कोड वाचणारं यंत्र महाग आणि तेही एकेका कंपनीचं वेगळं. तो हुशार आहे, पण त्याला अंधारात चाचपडावं लागतं. ज्याच्याकडे माहिती आहे त्याच्याकडे वेळ नाही, आणि ज्याच्याकडे वेळ आहे त्याला माहिती मिळत नाही. मधल्या मध्ये आपण पैसे मोजतो.

हे भांडण फक्त आपलं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये मतदान करून कायदा आणला, की गाडी दुरुस्तीची जी माहिती कंपनी आपल्या डीलरला देते ती बाहेरच्या गॅरेजलाही मिळाली पाहिजे. आपल्याकडे २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला. कारण हेच होतं, सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं. प्रकरण पुढे अपिलात गेलं आणि ते चारचाकींचं होतं, पण मुद्दा आपल्या दुचाकीलाही तंतोतंत लागू आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’ म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनांचाही समावेश आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. माहिती द्यायलाच हवी असं बंधन येत नाही तोवर हा हक्क कागदावरच राहणार.

दुसरीकडे मालकावर मात्र बंधन आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ११७ व्या नियमाने वेगमापक गाडीवर असलाच पाहिजे. चौपदरी रस्त्यावर दुचाकीला ताशी ८० ची आणि शहरात ६० ची कमाल मर्यादा २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत आहे, आणि स्थानिक फलकावर त्याहून कमी असू शकते. रस्त्यावरचा कॅमेरा तुमचा मीटर चालू होता की बंद, हे विचारत नाही. वेग मोजायची सक्ती आपल्यावर, पण मोजणारं यंत्र समजून घ्यायची सोय आपल्याला नाही.

मग करायचं काय?

ग्राहक म्हणून चार गोष्टी आजपासून करता येतील. मीटर बदला म्हणाले की विचारा, “बॅटरी, फ्यूज, प्लग, सेन्सर तपासले का? बिलावर लिहून द्या.” जुना मीटर परत मागा, तो तुम्ही पैसे देऊन घेतलेल्या गाडीचा भाग आहे. बदलण्याआधी जुन्या किलोमीटरचा फोटो काढा आणि तो आकडा बिलावर लिहून घ्या. नवा मीटर शून्यापासून सुरू झाला तर उद्या गाडी विकताना तुमच्याच प्रामाणिकपणावर शंका येईल. आणि जुनी गाडी घेताना एकट्या आकड्यावर विसंबू नका. सर्व्हिसची बिलं, टायर, फूटरेस्टचं झिजलेलं रबर, सगळं एकमेकांशी जुळतंय का बघा.

दोन मागण्या सार्वजनिक आहेत. एक, प्रत्येक गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत वायरिंगचा नकाशा आणि दिव्यांच्या कोडची यादी मराठीत असावी. दोन, सातपूरच्या आयटीआयमध्ये रस्त्यावरच्या मेकॅनिकांसाठी संध्याकाळचे छोटे वर्ग सुरू व्हावेत. मल्टिमीटर, सेन्सर आणि इंजेक्शन, एवढंच शिकवा. विमानं बनवणाऱ्या जिल्ह्याला मोटरसायकलचा मीटर शिकवणं जड जाऊ नये.

२०२० मध्ये चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरवर परत आलं. त्या गाडीत किती अंतर जाता येईल हे फक्त काच सांगते. पेट्रोलची टाकी हलवून आवाज ऐकायची सोय तिथे नाही. पुढच्या दहा वर्षांत आपल्या बहुतेक गाड्या अशाच असतील. काचेमागे काय चाललंय हे विचारायचा हक्क आत्ताच मागून घेतला नाही, तर उद्या “आख्खा मीटर बदलावा लागेल” याच्या जागी “आख्खी गाडी बदलावी लागेल” हे वाक्य ऐकावं लागेल.

तुमच्याकडे मीटर बदलल्याचं बिल असेल तर काढून बघा, त्यावर बिघाडाचं कारण लिहिलंय का. लिहिलं असेल तर काय, आणि नसेल तर “नाही”, एवढंच कळवा. पुरेशी उत्तरं आली की ती घेऊन आपण ग्राहक पंचायतीकडे आणि आयटीआयच्या प्राचार्यांकडे जाऊ.